तीन तक्रारी, एक रेकॉर्ड: 'द मॅडकॅप लाफ्स'च्या रीइश्यूचं सांगलीतलं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांसाठी त्यांच्या पुतण्यानं सिड बॅरेटच्या 'द मॅडकॅप लाफ्स' या १९७० च्या एलपीचा नवा रीइश्यू, म्हणजे नव्यानं छापलेली आवृत्ती, मागवला, आणि सोबत एक नवा टर्नटेबलही घेतला. रेकॉर्ड वाजली त्याच संध्याकाळी तीन तक्रारी निघाल्या. सरांचं म्हणणं, गाणी चढ्या सुरात आणि घाईत चालली आहेत, हा आवाज आपल्या ओळखीचा नाही. पुतण्याचं म्हणणं, दुसऱ्या बाजूला गायक गाणं सुरू करून मध्येच थांबतो, बोलतो, कागद सळसळतात, म्हणजे माल खराब आलाय. आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे गिटारचा सूर हलतो, यावर दोघांचं एकमत. पुतण्या रेकॉर्ड परत पाठवायला निघाला होता. सरांनी त्याला थांबवलं आणि मला बोलावणं आलं. जुने प्लेअर दुरुस्त करणं हे माझं काम, आणि शाळेत मी सरांच्याच हाताखाली शिकलो.

हे सविस्तर लिहितोय, कारण तिन्ही तक्रारी एकाच वस्तूवर ढकलल्या गेल्या होत्या आणि तिन्हींचं मूळ तीन वेगळ्या ठिकाणी निघालं: एक प्लेअरमध्ये, एक कारखान्यात आणि एक खुद्द गाणाऱ्यात. यातली गाणाऱ्याची 'चूक' ही दुरुस्त करायची गोष्टच नाही. रीइश्यू चांगला की वाईट हे ठरवताना लोक नेमकी इथेच गल्लत करतात आणि आजार रेड्याला, औषध पखालीला अशी गत होते.

आधी रेकॉर्डबद्दल. बॅरेट हा पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा पहिला गीतकार, गायक आणि गिटारवादक. जन्म केंब्रिजचा, जानेवारी १९४६. एप्रिल १९६८ मध्ये तो बँडबाहेर पडला. त्याच्या वागण्याचा भरवसा उरला नव्हता. कार्यक्रमात तो एकच स्वर छेडत उभा राहायचा, कधी वाजवायचाच नाही. त्यानंतर मे १९६८ ते ऑगस्ट १९६९ असा अडखळत, तुकड्यातुकड्यांत हा एकट्याचा अल्बम लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. सुरुवातीला पीटर जेनर, मग माल्कम जोन्स आणि शेवटी डेव्हिड गिल्मर व रॉजर वॉटर्स, अशी निर्मात्यांची अदलाबदल होत गेली. हार्वेस्ट या लेबलनं जानेवारी १९७० मध्ये तो बाहेर काढला. तेरा गाणी, सुमारे अडतीस मिनिटं. त्याच वर्षी दुसरा अल्बम आला आणि मग बॅरेट हळूहळू या धंद्यातूनच निघून गेला. केंब्रिजला परतला, चित्रं काढली, बागकाम केलं. जुलै २००६ मध्ये तो वारला.

या गाण्यांची चाल आपल्या कानांना समजावून सांगायची तर लयीपासूनच सुरुवात करावी लागेल. बॅरेट मात्रा मोजून गात नाही. शब्द लांबला की ओळ लांबते, शब्द संपला की ओळ तिथंच तुटते. एका ओळीत एक मात्रा जास्त, पुढच्या ओळीत दीड कमी. समेवर येईल असं वाटतं, तो येत नाही, आणि न येताही गाणं उभं राहतं. दोन गाण्यांत सॉफ्ट मशीन या बँडच्या वादकांनी त्याच्या आधीच मुद्रित झालेल्या आवाज-गिटारीवर मागाहून साथ भरली. ती साथ चाचपडत, अर्धी पायरी मागून येते आणि ऐकताना ते स्पष्ट कळतं. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेला वर्षानुवर्षं बसलेल्या सरांना हे असलं गाणं का आवडावं, असं लोक विचारतात. मला यात नवल वाटत नाही. ज्याला सम कुठे आहे हे पक्कं ठाऊक असतं, त्यालाच ती हुकवणाऱ्याची गंमत पुरती कळते.

सरांची मूळ प्रत सत्तरच्या दशकात त्यांच्या थोरल्या बंधूंनी इंग्लंडहून आणलेली. उघडणारं दुहेरी कव्हर, त्यावर मिक रॉकनं काढलेला फोटो: रिकामी खोली, पट्ट्यापट्ट्यांनी रंगवलेली लाकडी जमीन आणि उकिडवा बसलेला बॅरेट. ती जमीन त्यानं स्वतः रंगवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा गावभागातल्या बहुतेकांनी केलं तेच सरांनीही केलं. २००५ च्या पुराची भिंतीवरची खूण बघितली आणि सामान तिच्यावरच्या फळ्यांवर ठेवलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ ची खूण बुडाली. प्लेअर सरांनी आधीच माडीवर नेला होता, तो वाचला. एलपींचं कपाट एकट्याच्यानं हलणारं नव्हतं. कव्हरचा लगदा झाला. तबकडी मात्र तशीच राहिली, कारण विनाइलला, म्हणजे एलपीच्या प्लास्टिकला, पाण्याचं भय नसतं, गाळाचं असतं. सरांनी ती टाकली नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवून दिली.

चढ्या सुराची तक्रार

सर म्हणाले, "अरे, माझ्या कानात हे गाणं पन्नास वर्षं बसलंय. मला सांगू नकोस की मला भास होतोय." भास नव्हताच. प्रश्न एवढाच होता की खरं कोण सांगतंय, जुना प्लेअर की नवा.

पहिली तपासणी अदलाबदलीची. नवी रेकॉर्ड माडीवरच्या जुन्या प्लेअरवर लावली. सरांनी दोन ओळी ऐकल्या आणि मान डोलावली, "हं, आता बरोबर." मग जुनी तबकडी नव्या टर्नटेबलवर चढवली. खरखरीतून गाणं उमटलं ते चढ्या सुरातच. म्हणजे या तक्रारीचा रीइश्यूशी काडीचा संबंध नाही, हे तिथल्या तिथे ठरलं. कुठल्याही रेकॉर्डबद्दल तक्रार असेल तर आधी हे करावं. याला खर्च काही नाही.

मग वेग. साडेतेहतीसची म्हणून जी एलपी आपण ओळखतो तिचा वेग मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे. म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवायची, रेकॉर्ड लावून पिन खाली ठेवायची, कारण पिनेच्या ओढीनंही वेग उतरतो, आणि घड्याळ लावून मोजायचं. नव्या टर्नटेबलनं शंभर फेरे दिले. जुन्यानं शहाण्णव.

चार टक्के कमी. कानाला हे किती वाटतं? एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर सुमारे सत्तर भागांनी सूर खाली. शुद्ध गंधार जवळजवळ कोमल वाटायला लागावा इतकं. अडतीस मिनिटांची रेकॉर्ड साडेएकोणचाळीस मिनिटं चालते. सरांनी इतकी वर्षं बॅरेट असा उतरलेला, संथ, जरा भारी आवाजाचा ऐकला होता आणि तोच त्यांचा बॅरेट होता.

स्ट्रोबची चकती, म्हणजे वेग तपासायची रेघारेघांची चकती, लावून खात्री केली. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आणि या वेगासाठी चकतीवर १८० रेघा लागतात. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. अडचण अशी की घरातले सगळे दिवे एलईडी, आणि ते तसे लुकलुकतीलच असं नाही. शेवटी खोलीत अंधार करून निऑनचा साधा टेस्टर सॉकेटमध्ये घालून चकतीजवळ धरला. नव्या टर्नटेबलवर रेघा उभ्या राहिल्या, जुन्यावर मागे मागे सरकत गेल्या.

कारण आत होतं. जुन्या प्लेअरमध्ये मोटरचा फिरका रबरी आयडलर चाकातून थाळीला जातो. त्या चाकाचं रबर काळानं कडक आणि गुळगुळीत होतं, घसरतं. मोटरच्या बेअरिंगमधलं तेल गोंदासारखं घट्ट होतं. त्यात या साध्या मोटरी व्होल्टेज उतरलं की आणखी मंदावतात. एके काळी आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज कसं असायचं हे सांगलीकरांना सांगायला नको. हा प्लेअर कधी मंदावला ते नेमकं सांगता येत नाही. रबर एका रात्रीत असं होत नाही.

दुरुस्ती सोपी होती. अवघड होतं ते सरांना विचारणं. "करू का?" म्हटलं तर ते बराच वेळ बोलले नाहीत. पन्नास वर्षांचा सहवास असलेला आवाज बदलायचा होता. मी आग्रह धरला आणि आजही माझं मत तेच आहे. जे टेपवर आहे तेच ऐकायला मिळायला हवं. रबर बदललं, बेअरिंग धुऊन तेल घातलं, फेरे शंभराला टेकले. गाणं लावलं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी बॅरेट बावीस-तेवीस वर्षांचा होता. उतरलेल्या वेगात तो चाळिशीचा, थकलेला वाटायचा. सर पहिलं गाणं पूर्ण ऐकून म्हणाले, "अरे, हा तर पोरगा आहे."

थांबणाऱ्या गायकाची तक्रार

ही पुतण्याची. दुसऱ्या बाजूला सलग तीन गाणी फक्त आवाज आणि गिटारची आहेत, जुलै १९६९ मध्ये मुद्रित झालेली. त्यांत कागद उलटल्याचा आवाज येतो, मध्ये बोलणं आहे, आणि तिसऱ्या गाण्याची सुरुवात त्याला जमत नाही. तो थांबतो, सुराबद्दल काहीतरी पुटपुटतो, पुन्हा उचलतो. हे सगळं १९७० च्या पहिल्या प्रतीपासून तसंच आहे. जुन्या तबकडीवर तीच जागा वाजवून दाखवली तेव्हा पुतण्याचा विश्वास बसला. "काका, तुम्ही आधी का नाही सांगितलं?" तर सर म्हणाले, "मला वाटलं तू त्या गिटारबद्दल बोलतोयस."

ही फसलेली सुरुवात ठेवावी की कापावी, यावर त्या काळीही वाद झाला. माल्कम जोन्सला ती ठेवणं मुळीच पटलं नव्हतं, गायकाला उघडं पाडल्यासारखं वाटलं होतं. गिल्मर आणि वॉटर्सनी ती ठेवली. जोन्सचा मुद्दा हलका नाही. ज्याचं मन ठिकाणावर नाही अशा माणसाची धडपड विकायला ठेवणं हे निर्दय होऊ शकतं. पण पन्नासाहून जास्त वर्षांनी रीइश्यू काढणाऱ्याला तो निर्णय फिरवण्याचा हक्क नाही. आज संगणकावर खोकला, कागद, फुसफुस, सगळं पुसता येतं. या अल्बममधून ते पुसलं तर मग बॅरेटच कशाला हवा? त्याच्या गाण्यात मात्रा वाढते तीही मग कापायची का? पुतण्याला जो दोष वाटला, तोच या आवृत्तीच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होता.

जाता जाता एक. वजनदार, १८० ग्रॅमची रेकॉर्ड म्हणून आवाज चांगला, असं समजू नये. जाड तबकडी सहसा वाकत नाही, हाताला बरी लागते, बस्स. आवाज ठरतो तो कुठल्या टेपवरून, कुणी आणि कशा खाचा कट केल्या यावर.

हलणाऱ्या सुराची तक्रार

ही मात्र खरी निघाली. दोन्ही प्लेअरवर, वेग दुरुस्त झाल्यावरही, नव्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला शेवटाकडे सूर हलत होता. जुन्या तबकडीवर त्याच जागी खरखर होती पण सूर स्थिर होता.

माझा एक मित्र मिरजेत तंबोरे बनवतो. जवारी काढताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून झंकार जुळवताना, ज्याचा दिवस जातो त्याच्या कानापेक्षा चांगलं यंत्र मला ठाऊक नाही. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि मांडीवर बोटं मारायला लागला. "स्वर हलतोय, आणि ठरलेल्या अंतरानं हलतोय. गाणारा असा नियमानं हलत नाही." मोजलं तर अंतर दोन सेकंदांच्या आतलं. एका फेऱ्याला लागतात बरोबर १.८ सेकंद. गायकाचा कंप आणि यंत्राचा दोष वेगळा ओळखायची याहून सोपी खूण नाही: फेऱ्याफेऱ्याला परत येतो तो दोष तबकडीचा.

मग नजरेनं बघितलं. आर्मच्या, म्हणजे पिन धरणाऱ्या दांड्याच्या, टोकामागे प्लास्टिकची पट्टी उभी धरली. पहिल्या बाजूला आर्म सरळ आत सरकत होता. दुसऱ्या बाजूला तो प्रत्येक फेऱ्यात एक मिलिमीटर डावीकडे-उजवीकडे झुलत होता. म्हणजे खाचांचं वर्तुळ आणि मधलं भोक यांच्या केंद्रांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक. हा अर्धा मिलिमीटर बाहेरच्या कडेला फारसा जाणवत नाही, कारण तिथं त्रिज्या साडेचौदा सेंटिमीटर असते. आत, साडेसहा सेंटिमीटरवर, तोच फरक दुपटीहून जास्त होतो: सूर अर्धस्वराच्या तेरा भागांनी वर आणि तेवढाच खाली. आणि या रेकॉर्डवर नेमकी तीच जागा एकट्या आवाजाची आणि गिटारची. मागे ड्रम नाही, बास नाही, काही झाकणारं नाही.

रेकॉर्ड दोन धातूच्या साच्यांमध्ये, म्हणजे स्टँपरमध्ये दाबली जाते, प्रत्येक बाजूला एक. स्टँपरचं मधलं भोक पाडताना केंद्र चुकलं तर त्या साच्यातून निघालेल्या सगळ्या प्रतींची ती बाजू चुकते. इथं पहिली बाजू ठीक आणि दुसरीच चुकलेली, म्हणजे संशय सरळ दुसऱ्या बाजूच्या साच्यावर. यावरून दोन गोष्टी ठरल्या. एक, भोक कानसून मोठं करायचा जो उपाय काही जण करतात तो इथं करायचा नाही, कारण दुसरी बाजू सावरताना पहिली बिघडेल. दोन, त्याच घाण्यातली दुसरी प्रत मागवली तर तिच्यातही हाच दोष असण्याची शक्यता मोठी. विक्रेत्याला आर्म झुलतानाचा व्हिडिओ पाठवला. त्यानं समजूतदारपणे आपल्याकडची आणखी एक प्रत उघडून बघितली. तीही झुलत होती. पैसे परत द्यायची त्याची तयारी होती.

जुनी तबकडी

तोवर मी वर्तमानपत्रातली तबकडी धुवायला घेतली होती. आधी शेवटच्या रिकाम्या पट्टीवरची अक्षरं वाचली. त्या काळच्या इंग्लंडच्या ईएमआय प्रतींवर स्टँपरचा क्रमांक आकड्यात नाही, अक्षरात असतो: जी म्हणजे एक, आर दोन, ए तीन, मग एम, ओ, पी, एच, एल, टी आणि शून्यासाठी डी. 'ग्रामोफोन लिमिटेड'च्या इंग्रजी स्पेलिंगमधून काढलेली ही दहा अक्षरं. सरांना हे इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. भिंग घेऊन ते लहान मुलासारखे बसले.

कृष्णेचा गाळ बारीक आणि चिकट असतो, खाचेत वाळला की सिमेंट. कोरडं पुसायचं नाही, नाहीतर तोच गाळ खाचा खरवडतो. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणलं, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकले, लेबलवर प्लास्टिकचं झाकण दाबून धरलं आणि मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं, गोल, हलक्या हातानं धुतलं. पाणी काळं निघायचं थांबेपर्यंत तेच. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं खळबळून सावलीत उभी वाळवली. पुरात ती पहिली बाजू वर करून पडली असावी, कारण त्या बाजूला गाळ बसून कायमचे ओरखडे पडले आहेत. दुसरी बाजू पहिल्या गाण्यात तडतडते, पुढे बरीच स्वच्छ वाजते.

सरांनी रीइश्यू परत केला नाही. पहिली बाजू ते नव्या प्रतीवर ऐकतात आणि दुसरी जुन्या तबकडीवर, आणि त्या पट्ट्यापट्ट्यांच्या जमिनीचं कव्हर पुन्हा घरात आलं याचं त्यांना फार समाधान आहे. पुतण्यानं विक्रेत्याकडून पैसे घेतले नाहीत. पुढे वेगळ्या साच्यातून प्रती निघाल्या तर त्यातली एक बदलून द्यायची, एवढं ठरलं आहे.

आता सरांनी त्याच कपाटातल्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या काढल्या आहेत, त्यात खाँसाहेबांच्याही आहेत. त्या लाखेच्या. विनाइलवरचे हट्टी डाग काढायला पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, लाख मात्र अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून ती बाटली मी सरांच्या घरातून उचलून आणली आहे आणि पुतण्याला सांगून ठेवलंय की मी येईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही.